काळी मिरीचे आयात-निर्यात भाव: सीमाशुल्काच्या आकड्यांतून खरा कल कसा काढायचा

सीमाशुल्क खात्याच्या आकडेवारीत ‘भाव’ नावाचा रकानाच नसतो. तिथे मालाचं मूल्य असतं आणि निव्वळ वजन असतं. पहिल्याला दुसऱ्याने भागलं की जो आकडा येतो, त्याला बातम्यांत आणि अहवालांत ‘निर्यात भाव’ किंवा ‘आयात भाव’ म्हणतात. खरं नाव एकक मूल्य. काळी, पांढरी, पोचट, वाफेने निर्जंतुक केलेली, दोन महिन्यांपूर्वी ठरलेली, आज ठरलेली अशी सगळी मिरी एका गोणीत ओतून काढलेली ती सरासरी असते. मिरीच्या दाण्याचा भाव एका पैशानेही न हलता हा आकडा सात-आठ टक्के हलू शकतो. म्हणून आलेख काढण्याआधीचं काम मोठं आहे आणि आलेख काढणं अगदी सोपं.

इथे अखंड काळी मिरी उदाहरणाला घेतली आहे. लवंग, वेलची, जिरे, जायफळ यांनाही पद्धत हीच. फक्त कोडांच्या बाबतीत एक फरक आहे, तो लगेच येतोच.

कोड चुकला की पुढचं सगळं चुकतं

अखंड मिरीचा सहा अंकी एचएस कोड (एचएस म्हणजे मालाचं वर्गीकरण करायची आंतरराष्ट्रीय पद्धत) ०९०४.११ आणि भरडलेल्या किंवा दळलेल्या मिरीचा ०९०४.१२. हे सहा अंक जगभर सारखे असतात. त्यापुढचे अंक प्रत्येक देश आपापल्या सोयीने लावतो.

सर्वांत जास्त होणारी चूक म्हणजे सहाऐवजी चार अंकांवर, ०९०४ वर, आकडे उतरवणं. त्याच शीर्षकाखाली ०९०४.२१ आणि ०९०४.२२ मध्ये सुकी मिरची बसते. समजा १,००० टन मिरी टनाला ६,००० डॉलरने गेली आणि तेवढीच मिरची २,५०० ने. चार अंकी कोडावर ‘मिरीचा भाव’ ४,२५० दिसेल. मिरचीचं पीक वाढलेल्या वर्षी मिरीत मंदी आल्याचा शोध अशाच आकड्यांतून लागतो.

०९०४.११ हा कोडही वाटतो तितका स्वच्छ नाही. तो ‘पायपर’ वंशातल्या सगळ्या अखंड मिरीसाठी आहे. काळी, पांढरी, वाळवलेली हिरवी, शिवाय पिंपळीसुद्धा त्यातच येते. काळीच वेगळी हवी असेल तर देशाच्या आठ किंवा दहा अंकी कोडापर्यंत उतरावं लागतं. अमेरिकेच्या दहा अंकी कोडांत काळी आणि पांढरी वेगळ्या मोजतात. भारताच्या आठ अंकी कोडांत स्वच्छ केलेली, न केलेली, हलकी, पिनहेड (टाचणीच्या टोकाएवढे बारीक दाणे) आणि पिंपळी यांना वेगवेगळे कोड आहेत.

आता तो फरक. मिरीची ०९०४.११ ही मालिका एचएस पद्धत सुरू झाल्यापासून अखंड चालत आली आहे. लवंग, वेलची, जायफळ, जिरे आणि व्हॅनिला यांत अखंड आणि दळलेला माल २०१२ च्या आवृत्तीपासून वेगळा झाला. लवंगेचा ०९०७.०० हा एकच कोड फुटून ०९०७.१० (अखंड) आणि ०९०७.२० (दळलेली) झाले, वेलचीचा ०९०८.३० फुटून ०९०८.३१ आणि ०९०८.३२. तेव्हा या मसाल्यांची २०१२ च्या आधीची मालिका नंतरच्या ‘अखंड’ मालिकेला सरळ जोडली की सांध्यावर खोटी उडी दिसते. जोडायचीच असेल तर २०१२ नंतरचे दोन्ही कोड एकत्र करून जोडावी.

आकडे कुठून घ्यायचे

देशोदेशींची तुलना करायला कॉमट्रेड, म्हणजे संयुक्त राष्ट्रांचा व्यापार-आकड्यांचा साठा. युरोपातल्या मासिक आकड्यांसाठी युरोस्टॅट, म्हणजे युरोपीय संघाचं सांख्यिकी कार्यालय. मोठ्या उत्पादक देशांची सीमाशुल्क खाती आपापले मासिक आकडे लवकर जाहीर करतात, पण त्यांच्या मथळ्यातल्या ‘मिरी’त अनेकदा अखंड आणि दळलेली, काळी आणि पांढरी एकत्र असते. मथळा वाचण्याआधी व्याख्या वाचावी.

रोजचे सौदा-भाव हवे असतील तर इंटरनॅशनल पेपर कम्युनिटीकडे जावं. मिरी उत्पादक देशांची ही संघटना १९७२ मध्ये स्थापन झाली आणि तिचं सचिवालय जकार्तात आहे. तिच्या पत्रकात देश आणि दर्जानुसार भाव असतात: इंडोनेशियातल्या लाम्पुंगची काळी, मलेशियातल्या सारावाकची काळी, व्हिएतनामची ५०० आणि ५५० ग्रॅम प्रति लिटर (हे दर्जाचं माप पुढे येतं), ब्राझीलची ५७०, इंडोनेशियातल्याच मुंटोकची पांढरी वगैरे. बाजार आज काय मागतो आहे हे पत्रकातला भाव सांगतो. प्रत्यक्षात किती मूल्याचा माल सीमेपार गेला हे एकक मूल्य सांगतं. दोन्ही ठेवावेत, पण एका रेषेत कधीच मिसळू नयेत.

एककांचे दोन सापळे आहेत. युरोस्टॅटमध्ये वजन १०० किलोच्या एककात मिळतं, त्यामुळे मूल्य भागिले वजन केलं की क्विंटलचा भाव येतो. टनासाठी दहाने गुणा. अमेरिकी व्यापारी पौंडाला सेंट किंवा डॉलर असा भाव बोलतात. एका टनात २,२०४.६२ पौंड, म्हणजे पौंडाला ३ डॉलर म्हणजे टनाला सुमारे ६,६१४ डॉलर.

कागद मांडणं आणि माल निवडणं

एक्सेलमध्ये प्रत्येक ओळ एक महिना, एक नोंदवणारा देश, एक भागीदार देश अशी ठेवा. रकाने सात: महिना, नोंदवणारा, भागीदार, प्रवाह (निर्यात, आयात, फेरनिर्यात), मूल्य डॉलरमध्ये, निव्वळ वजन किलोमध्ये आणि ‘वजन अंदाजित आहे का’ ही खूण. हा शेवटचा रकाना लोक उतरवतच नाहीत. ज्या देशाने वजन कळवलेलं नसतं, तिथे कॉमट्रेड कधी कधी इतरांच्या एकक मूल्यावरून वजनाचा अंदाज भरतं. त्या वजनाने मूल्य भागणं म्हणजे त्यांनीच गृहीत धरलेला भाव परत मिळवणं. अशा ओळी भावाच्या हिशोबातून सरळ काढाव्यात.

त्यानंतर आठवा रकाना: मूल्य भागिले वजन गुणिले १,०००, म्हणजे टनाला डॉलर. या रकान्यावर चाळण लावा.

पहिली चाळण वजनाची. वीस फुटी कंटेनरमध्ये साधारण १५ टन काळी मिरी बसते. महिन्याला एका कंटेनरपेक्षा कमी माल असलेली ओळ बाजाराबद्दल फारसं सांगत नाही. तिच्यात नमुने, भेटवस्तूंच्या डब्या, सेंद्रिय मालाची छोटी पाकिटं असतात आणि किलोला ४० डॉलरचे भाव तिथूनच उगवतात. दुसरी चाळण भावाची. त्या महिन्याचा मध्यक काढा आणि मध्यकाच्या निम्म्याहून कमी किंवा दुपटीहून जास्त एकक मूल्य असलेल्या ओळी बाजूला ठेवा. त्या पुसून टाकू नका. वेगळ्या पानावर नेऊन कारण शोधा. शून्य जास्त पडलेलं असतं, किलोच्या जागी टन लिहिलेले असतात, किंवा तेलराळ (मिरीचा घट्ट अर्क) काढायला चाललेला पोचट माल असतो. शेवटचा प्रकार मात्र चूक नाही. पोचट दाणे आणि पिनहेड खरोखरच स्वस्त विकले जातात.

फेरनिर्यातीचा प्रश्न याच टप्प्यावर सोडवायचा. नेदरलँड्स, जर्मनी, सिंगापूर, संयुक्त अरब अमिराती इथून बरीच मिरी पुढे जाते. जगाच्या सगळ्या निर्यातीची बेरीज केली की एकच गोणी दोनदा मोजली जाते, आणि दुसऱ्या वेळी मध्यस्थाचा नफा, चाळणी आणि भाडं धरून. कल पाहायचा असेल तर उत्पादक देशांपुरतं थांबावं: व्हिएतनाम, ब्राझील, इंडोनेशिया, भारत, श्रीलंका, मलेशिया. यातही व्हिएतनाम पूर्ण निखळ नाही. तिथले कारखाने ब्राझील, इंडोनेशिया आणि कंबोडियातून मिरी आणून साफ करतात, वाफवतात आणि पुढे पाठवतात. म्हणजे त्या देशाच्या निर्यात मूल्यात शेतातल्या दाण्याबरोबर कारखान्याची मजुरीही असते.

सरासरीची चूक

महिन्यांच्या सरासऱ्यांची पुन्हा सरासरी काढायची नाही. मार्चमध्ये २०,००० टन माल टनाला ५,००० ने गेला आणि ऑक्टोबरात ५,००० टन ७,००० ने गेला, तर सरळ सरासरी ६,००० येते. खरी सरासरी एकूण मूल्य भागिले एकूण वजन: १३.५ कोटी डॉलर भागिले २५,००० टन, म्हणजे ५,४००. हंगामात जास्त माल स्वस्त गेला आणि हंगाम सरल्यावर थोडा माल महाग, तर सरळ सरासरी वरच्या बाजूला चुकते.

मासिक रेषा फार नाचत असेल तर बारा महिन्यांची फिरती बेरीज घ्यावी: मागच्या बारा महिन्यांचं मूल्य भागिले त्याच बारा महिन्यांचं वजन. हंगाम आपोआप गळून पडतो. बदल्यात वळण उशिरा दिसतं, म्हणून दोन्ही रेषा एकाच आलेखावर असाव्यात.

मिश्रण बदललं की भाव बदलल्याचा भास

सगळ्यात जास्त लोक फसतात ते इथे. मिरी दर्जानुसार विकली जाते आणि दर्जाचं मुख्य माप म्हणजे एका लिटर मापात किती ग्रॅम दाणे बसतात. ५०० ग्रॅमचा माल, ५५० चा माल आणि अमेरिकी मसाला संघटनेच्या दर्जाचा ५७० चा माल यांत टनाला शंभर-दोनशे डॉलरांचा फरक सर्रास असतो. त्यावर वाफेच्या निर्जंतुकीकरणाचा खर्च चढतो. युरोपात इथिलीन ऑक्साइडची धुरी चालत नाही, त्यामुळे तिथे जाणाऱ्या मालात वाफवलेल्याचा वाटा मोठा असतो. पांढरी मिरी तर काळीपेक्षा बरीच महाग, कारण साल कुजवून काढताना वजन घटतं आणि मजुरी वाढते.

आता हिशोब. एक निर्यातदार देश दोन प्रकारचा माल विकतो: साधा ६,००० डॉलरने आणि वाफवलेला ७,२०० ने. पहिल्या वर्षी प्रमाण ७० आणि ३० टक्के. एकक मूल्य ४,२०० अधिक २,१६०, म्हणजे ६,३६०. दुसऱ्या वर्षी दोन्हींचे भाव ५ टक्क्यांनी घसरले, ५,७०० आणि ६,८४०. पण प्रमाण उलटून ४० आणि ६० झालं. एकक मूल्य २,२८० अधिक ४,१०४, म्हणजे ६,३८४. दोन्ही मालांत मंदी असूनही सीमाशुल्काचा आकडा किंचित तेजी सांगतो.

उपाय जुना आणि भरवशाचा आहे: वजनं गोठवायची. पहिल्या वर्षाचं ७०-३० हेच प्रमाण दुसऱ्या वर्षाच्या भावांना लावलं की ३,९९० अधिक २,०५२, म्हणजे ६,०४२ येतात. घसरण बरोबर ५ टक्के. प्रत्यक्ष आकड्यांत दर्जाचा रकाना नसतो, म्हणून दर्जाच्या जागी भागीदार देश वापरतात. एकाच देशाला साधारण एकाच प्रकारचा माल जातो, या गृहीतकावर हे चालतं. सर्वांत मोठे आठ-दहा ग्राहक देश घ्या, पायाभूत वर्षातला प्रत्येकाचा वजनातला वाटा गोठवा, दर महिन्याचं प्रत्येकाचं एकक मूल्य त्या वाट्याने गुणा आणि बेरीज करा. एखाद्या महिन्यात एखाद्या देशाला माल गेलाच नसेल तर त्याचा मागचा भाव पुढे ओढा, पण तीन महिन्यांपेक्षा जास्त नाही. पायाभूत वर्ष दर पाच वर्षांनी बदला. गोठवलेली रेषा आणि साधी रेषा एकमेकींपासून सरकू लागल्या की समजायचं, माल बदलतो आहे, भाव नाही.

एफओबी आणि सीआयएफ

निर्यात एफओबी मूल्याने नोंदवतात: बंदरात जहाजावर चढेपर्यंतचा खर्च धरून. आयात बहुतेक देश सीआयएफने नोंदवतात, म्हणजे त्यात समुद्रभाडं आणि विमा मिळवून. कॅनडासारखे काही देश आयातही एफओबीने धरतात, म्हणून तुलनेआधी त्या देशाची रीत पाहावी.

दोन्हींतलं अंतर स्वतः मोजता येतं. एफओबी ६,००० डॉलर, वीस फुटी कंटेनरचं भाडं १,८०० डॉलर, माल १५ टन: टनाला १२० डॉलर भाडं. विमा सीआयएफच्या ११० टक्क्यांवर ०.३ टक्के दराने सुमारे २० डॉलर. सीआयएफ ६,१४०, गुणोत्तर १.०२. आता भाडं ९,००० डॉलर झालं आणि मिरी २,५०० वर पडली तर भाडं टनाला ६०० होतं, विमा दहाएक डॉलर, सीआयएफ ३,११० आणि गुणोत्तर १.२४. मिरी स्वस्त असते तेव्हा भाडं जास्त बोचतं. २०२१ मध्ये कंटेनरची भाडी भडकली तेव्हा आयात करणाऱ्या देशांच्या आकड्यांत मिरीची जी तेजी दिसली, तिच्यात बोटवाल्यांचा वाटाही होता. म्हणून दाण्याचा कल पाहायचा तर निर्यातीची रेषा धरावी आणि खरेदीदाराला माल काय पडला हे पाहायचं तर आयातीची.

हेच गुणोत्तर तपासणीलाही उपयोगी पडतं. व्हिएतनामने जर्मनीला निर्यात म्हणून नोंदवलेलं एकक मूल्य आणि जर्मनीने व्हिएतनामकडून आयात म्हणून नोंदवलेलं एकक मूल्य शेजारी ठेवा. वार्षिक गुणोत्तर १.०२ ते १.१० मध्ये असेल तर ठीक. एकपेक्षा कमी आलं, किंवा शांत भाड्याच्या काळात १.२ च्या वर गेलं, तर कुठेतरी गोम आहे. बहुतेक वेळा कारण साधं असतं: निर्यातदार शेवटचं ज्ञात ठिकाण लिहितो, आयातदार मूळ देश लिहितो, आणि मध्ये तिसऱ्या देशाच्या गोदामात मालाने मुक्काम केलेला असतो. मासिक गुणोत्तरावर मात्र विसंबू नये. डिसेंबरात निघालेली बोट जानेवारीच्या अखेरीस पोहोचते.

आकडा कधीचा भाव सांगतो

सौदा आज ठरतो, माल ३० ते ६० दिवसांत चढतो, त्यानंतर बोटीचा प्रवास. व्हिएतनामहून युरोपला साधारण चार-पाच आठवडे लागतात. २०२३ च्या अखेरीपासून तांबड्या समुद्रातले हल्ले टाळायला जहाजं आफ्रिकेला वळसा घालू लागली तेव्हा त्यात आणखी दहा-पंधरा दिवस गेले. म्हणजे निर्यात आकडा सौदा-भावाच्या एक ते दोन महिने मागे असतो आणि आयात आकडा दोन ते चार महिने.

जून २०२४ मध्ये सौदा-भावांनी एकदम उसळी मारली आणि लगेच काही अंशी खालीही आले. सीमाशुल्काच्या सरासरीत तेवढं उंच टोक दिसत नाही, कारण त्या महिन्यात चढलेला बराचसा माल आधीच्या स्वस्त सौद्यांचा होता. अशा वेळी ‘निर्यातदारांना वाढीव भाव मिळालाच नाही’ असा अर्थ काढणं घाईचं ठरतं. दोन मालिका एकमेकींवर ठेवताना सौदा-भावाची रेषा एक-एक महिना पुढे सरकवून पाहा. जिथे वळणं सर्वांत चांगली जुळतात, तो त्या मार्गाचा विलंब. वेगळ्या मार्गाचा विलंब वेगळा.

लांब पल्ला, महागाई आणि चलन

व्हिएतनामची एकूण मिरी निर्यात (अखंड आणि दळलेली मिळून) वजन आणि मूल्यावरून भागली तर सरासरी साधारण अशी येते. २०१५ मध्ये टनाला सुमारे ९,५०० डॉलर. २०१६ मध्ये सुमारे १.७८ लाख टन आणि १.४३ अब्ज डॉलर, म्हणजे ८,००० च्या आसपास. २०१८ मध्ये ३,२५०. २०२० मध्ये २.८५ लाख टन आणि जेमतेम ६६ कोटी डॉलर, म्हणजे २,३००. त्यानंतर २०२१ मध्ये ३,६००, २०२२ मध्ये ४,२५०, २०२३ मध्ये पुन्हा ३,४००, आणि २०२४ मध्ये सुमारे अडीच लाख टनांवर ५,२५०.

२०१५ आणि २०२० ही वर्षं शेजारी ठेवली की मिरीचं गणित उघडं पडतं: वजन दुपटीहून जास्त झालं आणि पैसा निम्म्यावर आला. कारण वेलीत आहे. मिरवेल लावल्यापासून तिसऱ्या वर्षी दाणा धरते आणि भरघोस पीक सहाव्या-सातव्या वर्षी देते. २०१० नंतरच्या चढ्या भावाने व्हिएतनामच्या मध्य पठारावर लागवड वाढतच गेली आणि २०१७ पर्यंत देशातलं एकूण क्षेत्र दीड लाख हेक्टरांच्या घरात पोहोचलं. भाव पडला तेव्हा वेली ऐन उमेदीत होत्या. त्यांना थांब म्हणता येत नाही. पडलेल्या भावात खतपाणी थांबलं, मर रोगाने बागा गेल्या, काहींनी त्या जागी ड्युरियनची फळझाडं आणि कॉफी लावली. त्याचा परिणाम भावात दिसायला पुन्हा तीन-चार वर्षं लागली. मिरीचा कल सांगताना पाच वर्षांचा आलेख अपुरा पडतो. निदान पंधरा वर्षांचा हवा.

एवढ्या लांबीवर डॉलरची महागाई काढलीच पाहिजे. अमेरिकेचा ग्राहक किंमत निर्देशांक २०१५ मध्ये सरासरी २३७ होता आणि २०२४ मध्ये ३१३.७. २०२४ चे ५,२५० डॉलर २०१५ च्या पैशात मोजले तर सुमारे ३,९७०. म्हणजे ज्या वर्षी सगळीकडे तेजीचे मथळे होते, त्या वर्षी खरा भाव २०१५ च्या भावाच्या ४२ टक्केच होता.

चलनाची बाजूही पाहावी. ब्राझीलचं चलन रेआल घसरलं की तिथल्या शेतकऱ्याला कमी डॉलरांतही तेवढाच स्थानिक पैसा मिळतो आणि तो भाव सोडतो. अशी घसरण जगभर लागू समजायची नाही. एकाच देशाची रेषा खाली गेली आणि बाकीच्यांची जागेवर राहिली, तर आधी त्या देशाचं चलन तपासा आणि मग दर्जाची तक्रार. युरोपीय संघाने ब्राझीलच्या मिरीवर साल्मोनेलासाठी वाढीव तपासणी लावली, तेव्हा तपासणीचा खर्च आणि खेप अडकण्याची धास्ती भावातून वजा होणं ओघानेच आलं.

हंगाम

भारतात तोडणी डिसेंबर ते मार्च, व्हिएतनामात फेब्रुवारी ते एप्रिल-मे, सारावाकमध्ये वर्षाच्या मध्यावर, लाम्पुंगमध्ये जुलै ते सप्टेंबर, ब्राझीलच्या पारा भागात ऑगस्टपासून पुढे. बाजारात कुठल्या ना कुठल्या देशाचा नवा माल असतोच, पण व्हिएतनामची आवक सगळ्यांत वजनदार. तुलना नेहमी मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी करावी. एक अपवाद जानेवारी-फेब्रुवारीचा. व्हिएतनामचं नववर्ष कधी जानेवारीत येतं, कधी फेब्रुवारीत. त्या सुटीत बंदरं थंडावतात. हे दोन महिने एकत्र जोडूनच तोलावेत.

मात्र हंगाम आला म्हणजे भाव उतरेलच असं मिरीत नसतं. नीट वाळवलेली, ओलावा १२-१३ टक्क्यांच्या आत असलेली मिरी वर्षानुवर्षं टिकते. शेतकरी ती ठेवीसारखी घरात ठेवतो आणि पैशाची नड लागेल तेव्हा काढतो. पीक आणि त्या वर्षीचा पुरवठा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कॉफीला चांगला भाव मिळालेल्या वर्षी हातात पैसा असतो, म्हणून मिरी बाहेर येत नाही आणि चांगलं पीक असूनही भाव चढतो. पिकाच्या अंदाजावरून भाव बांधणारे इथेच आपटतात.

सरकारी नियमाने वाकलेले आकडे

काही आयात भाव बाजारात ठरतच नाहीत. भारताने डिसेंबर २०१७ मध्ये मिरीला किलोला ५०० रुपये किमान आयात मूल्य ठरवलं आणि २०१८ मध्ये त्याखालची आयात निषिद्ध केली. त्या वेळच्या ६५ रुपयांच्या डॉलरने हे टनाला सुमारे ७,७०० डॉलर होतात, आणि त्याच वर्षी व्हिएतनामची सरासरी ३,२५० होती. साध्या मार्गाने आलेल्या मालाचं नोंदवलेलं मूल्य ५०० रुपयांच्या खाली जाऊच शकत नाही. म्हणून ती रेषा तिथे सपाट झोपते. दुसरीकडे निर्यातीसाठी प्रक्रिया करणाऱ्यांना आगाऊ परवान्यावर ही अट नव्हती आणि त्यांचा माल खऱ्या भावाने येत राहिला. दोन्ही एका सरासरीत पडले की येणारा आकडा कुठल्याच सौद्याचा नसतो. अशा देशाची आयात मालिका त्या काळापुरती सोडून द्यावी आणि त्याला विकणाऱ्या देशांची निर्यात मालिका घ्यावी.

जकातीकडेही लक्ष हवं. युरोपीय संघात अखंड मिरीवर आयात शुल्क नाही, तर दळलेल्या मिरीवर सर्वसाधारणपणे ४ टक्के आहे. सीआयएफ मूल्यात शुल्क धरलेलं नसतं. आयातदाराला माल केवढ्याला पडला हे काढायचं तर ते वेगळं मिळवावं लागतं.

नवा महिना आला की तपासणीचा क्रम

आकडा मागच्या महिन्यापेक्षा पाच टक्क्यांहून जास्त हलला असेल तर प्रश्न याच क्रमाने विचारा. वजन किती होतं? वजन नेहमीच्या निम्म्यावर असेल तर पुढचा महिना येईपर्यंत काहीच लिहू नका. गोठवलेल्या वजनांची रेषा तेवढीच हलली का? नसेल तर मिश्रण. दुसऱ्या उत्पादक देशांत तीच दिशा आहे का? नसेल तर चलन, दर्जा किंवा नियम. एक-दोन महिन्यांपूर्वीच्या सौदा-भावात ही हालचाल आधीच दिसली होती का? दिसली असेल तर ही बातमी जुनी आहे. आयातीचा आकडा असेल तर भाडं वजा करून पुन्हा पाहा. आणि मागच्या महिन्याचा आकडा आता सुधारित झाला आहे का, हेही बघा. सीमाशुल्काचे पहिले आकडे तात्पुरते असतात, नंतर बदलतात. म्हणून उतरवलेल्या प्रत्येक फाइलवर उतरवल्याची तारीख लिहून जुनी फाइल जपून ठेवावी.